नागपूरचें सूत आणि जमशेटजी टाटा

नागपूर शहरांत जुम्मा तलाव नांवाचें एक जुनें तळें आहे. कोणी त्यास शुक्रवारी तलाव म्हणत. पुढें त्याचें नांव गांधीसागर झालें. या तळ्याच्या जवळ एकेकाळीं एक मोठी कापडगिरणी होती व तिच्या भोंग्यावर अर्ध्या शहराचें घड्याळ चाले. विद्यार्थी मित्रहो, आपल्या घरीं आजी-आजोबा असतील तर त्यांस या भोंग्याविषयीं एकदां विचारून पहा. त्या गिरणीचें नांव एम्प्रेस मिल. आणि ती ज्यांनीं उभारली त्या जमशेटजी नसरवानजी टाटा यांचें चरित्र येथें सांगण्याचें योजिलें आहे.

जमशेटजींचें नांव काढलें कीं पोलादाचा कारखाना, बंगळूरची विज्ञानसंस्था, मुंबईचें ताजमहाल हॉटेल या गोष्टी प्रथम आठवतात. परंतु पोलादाचा कारखाना व विज्ञानसंस्था त्यांच्या मृत्यूनंतर उभ्या राहिल्या, आणि हॉटेल त्यांच्या शेवटच्या वर्षांत उघडलें. जें काम त्यांनीं भर उमेदींत हातीं घेतलें, चुकत व सुधारत तडीस नेलें, तें नागपूरच्या सुताचें होय. सूत म्हणजे काय मोठेंसें, असें कोणास वाटेल. पण थोडा विचार करा. सूत जाड काढावें कीं बारीक, त्यास पीळ किती द्यावा, तें कशावर गुंडाळावें आणि त्याची गांठ केवढी बांधावी, हें कातणारा एकटा आपल्या मनानें ठरवूं शकत नाहीं. जवळ कापूस कोणत्या जातीचा आहे, यंत्र कोणतें आहे, तें चालविणारे हात किती कुशल आहेत, गिऱ्हाईक कोष्टी आहे कीं चिनी विणकर आहे, आणि माल तेथवर नेण्यास आगगाडी व आगबोट काय भाडें घेतात, या सर्वांचा त्यांत हात असतो. हें ज्ञान जमशेटजींस कोठल्याहि पुस्तकांतून मिळालें नाहीं; त्यासाठीं त्यांस पुष्कळ पैसे व कांहीं अब्रू खर्च करावी लागली.

जमशेटजींचा जन्म गुजराथेंत नवसारी येथें ३ मार्च १८३९ रोजीं झाला. त्यांचें घराणें पारशी धर्मोपदेशकांचें. परंतु वडील नसरवानजी यांनीं ती वाट सोडून मुंबईस व्यापार मांडला होता. तेरा-चौदा वर्षांचे असतां जमशेटजी मुंबईस आले, एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकले व १८५८ सालीं शिक्षण पुरें करून वडिलांच्या पेढींत बसले. लागलीच १८५९ च्या अखेरीस त्यांस हाँगकाँगला पाठविण्यांत आलें. तेथें व पुढें शांघाय येथें त्यांच्या पेढीची शाखा निघाली. कापूस, आणि त्या काळच्या अनेक पेढ्यांप्रमाणें अफूहि, तिकडे पाठवावी व चहा, रेशीम इकडे आणावें असा तो व्यवहार होता. अफूचा व्यापार त्या काळीं कायद्यानें मान्य होता. म्हणून तो चांगला होता असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं.

या चार वर्षांत त्या तरुणानें चीनची बाजारपेठ डोळ्यांनीं पाहिली, हें पुढच्या गोष्टीच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे. जो मुलूख आपण स्वतः पाहिला नाहीं तेथल्या गिऱ्हाइकासाठीं माल तयार करणें हें अंधारांत दगड मारण्यासारखें असतें.

१८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि हिंदी कापसास सोन्याचा भाव आला. मुंबई जणूं वेडी झाली. रोज नव्या कंपन्या, नव्या बँका, नवे भाग निघत. या भरांत १८६४ सालीं जमशेटजी कापसाच्या व्यवहारासाठीं विलायतेस निघाले. १८६५ मध्यें युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला आणि मुंबईच्या पेढ्या पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणें पडल्या. जमशेटजींजवळच्या हुंड्यांस कागदाची किंमत राहिली नाहीं. पंचवीस-सव्वीस वर्षांचा हा तरुण परमुलखांत कर्जदार म्हणून उभा राहिला. त्यानें कांहीं लपविलें नाहीं. सावकारांस जमा-खर्च उघडून दाखविला. त्याचा परिणाम असा झाला कीं, त्याच्याच व्यवहाराचा निकाल लावण्याचें काम सावकारांनीं दरमहा वीस पौंड वेतनावर त्याच्याकडेच सोंपविलें. मुंबईस वडिलांनीं घर विकून देणीं भागविलीं. पुढें ॲबिसिनियाच्या मोहिमेंत सैन्यास सामुग्री पुरविण्याच्या मक्त्यांत टाटांचा वांटा होता, त्यांतून घराणें सावरलें. आणि १८६८ सालीं जमशेटजींनीं एकवीस हजार रुपयांच्या भांडवलावर आपली स्वतंत्र पेढी काढली.

पुढल्याच वर्षीं त्यांनीं मुंबईंत चिंचपोकळीस एक दिवाळखोर तेलाची गिरणी विकत घेऊन तींत कापडाचीं यंत्रें बसविलीं व तिचें नांव अलेक्झांड्रा मिल ठेविलें. दोन वर्षांनीं ती चांगल्या नफ्यानें विकली. दुसरा कोणी याच धंद्यांत रमला असता. एक गिरणी घ्यावी, चालती करावी, विकावी. जमशेटजी मात्र पैसे गांठीस बांधून पुन्हां विलायतेस गेले आणि लँकेशायरच्या गिरण्या बारकाईनें पाहूं लागले. तेथें त्यांच्या मनांत एक साधा प्रश्न उभा राहिला असावा. कापूस वऱ्हाडांतला. तो बैलगाडीनें स्टेशनावर यावयाचा, आगगाडीनें शेंकडों मैल मुंबईस जावयाचा, तेथून जहाजानें लँकेशायरला; आणि त्याचेंच लुगडें होऊन तें पुन्हां समुद्र व घाट ओलांडून वऱ्हाडांतल्याच शेतकऱ्याच्या घरीं यावयाचें. मुंबईंत गिरणी काढल्यानें समुद्राचा प्रवास वांचे, पण घाटाचा वांचत नसे. मग गिरणीच कापसाच्या शेतापाशीं कां नेऊं नये?

मुंबईच्या शेटसावकारांस ही कल्पना रुचली नाहीं. बंदर, कुशल मजूर, यंत्रें दुरुस्त करणारे, पेढ्या, सर्व कांहीं मुंबईस. आणि हा गृहस्थ जंगलांत गिरणी नेतो! जमशेटजींनीं प्रथम जबलपूरकडील एक जागा पाहिली. तेथें पाण्याचा प्रवाह चांगला होता, पण त्या जागीं एक फकीर आपल्या शिष्यांसह राहात असे व त्यास हलविणें बरें दिसेना, म्हणून तो विचार सोडण्यांत आला असें सांगतात. अखेर नागपूर ठरलें. १८६७ मध्यें येथें आगगाडी आली होती. हिंगणघाट व वऱ्हाडचा कापूस हाताशीं होता. वरोऱ्याचा दगडी कोळसा फार लांब नव्हता. आणि भोसल्यांच्या काळापासून वसलेल्या कोष्ट्यांच्या वस्त्या, म्हणजे सुताचें तयार गिऱ्हाईक, गांवांतच होतें. १८७४ सालीं पंधरा लाखांच्या भांडवलाची कंपनी स्थापन झाली. जुम्मा तलावाजवळची पाणथळ जमीन भोसले राजांकडून घेतली आणि ती भरून काढण्याचें काम सुरू झालें. गाड्याच्या गाड्या माती त्या चिखलांत पडूं लागली. एका मारवाडी सावकारानें हें पाहून, हा माणूस सोनें मातींत घालीत आहे असें म्हणून कर्ज देण्याचें नाकारलें. आणि कांहीं वर्षांनीं त्याच सावकारानें, यानें माती घातली व सोनें काढलें, अशी कबुली दिली, ही आख्यायिका नागपूरच्या जुन्या माणसांस तोंडपाठ असे.

१ जानेवारी १८७७ रोजीं, व्हिक्टोरिया राणीनें हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी धारण केली त्याच दिवशीं, गिरणी उघडली. म्हणून ती एम्प्रेस मिल. आरंभीं तींत सुमारें तीस हजार चात्या व साडेचारशें माग होते. त्या चात्यांपैकीं निम्म्या थ्रॉसल जातीच्या व जवळजवळ निम्म्या म्यूल जातीच्या होत्या.

येथें पहिली चूक उघडकीस आली. भांडवल बेताचें म्हणून यंत्रें स्वस्तांतलीं घेतलीं होतीं. त्यांवर निघणारें सूत ओबडधोबड व ठिसूळ असे. आमच्या वऱ्हाडी कापसाचा तंतू आंखूड. त्यास पीळ कमी पडला कीं धागा तुटतो. त्यांत नागपूरचा उन्हाळा. वैशाखाच्या कोरड्या झळांत ओलसर लँकेशायरसाठीं बनविलेलीं यंत्रें काम कशीं करणार? सुताच्या तारा सटासट तुटत. विणकरास ठिसूळ सूत दिलें तर तो एकदां घेईल, दुसऱ्यांदां दुकानाकडे फिरकणार नाहीं. कंपनीच्या भागांचा भाव उतरला. मुंबईंत, आम्ही सांगत होतों तें ऐकलें नाहीं, असें म्हणणारांचा आवाज चढला असेल यांत नवल नाहीं.

जमशेटजींनीं त्या वेळीं जें केलें तें धाडसाचें होतें. नफा हातीं येतांच तो सर्व वांटून न टाकतां त्यांनीं जुनीं यंत्रें काढून चांगलीं घेण्यास आरंभ केला. आगीपासून रक्षण करण्यासाठीं छताला पाण्याचे फवारे बसविले, आणि हवा दमट राखण्याचीं साधनें आणलीं. हिंदुस्थानांतील गिरण्यांत अशीं साधनें वापरण्याचा मान एम्प्रेस मिलला अगदीं आरंभीं मिळाला. गिरणीच्या कामाचा भार दोन माणसांवर होता. एक बेझनजी दादाभाई मेहता. हे आधीं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मालविभागांत नोकरीस होते. गिरणीचा अनुभव त्यांस मुळींच नव्हता. तरी जमशेटजींनीं व्यवस्थापक म्हणून त्यांचीच निवड केली. ज्यास माल कसा भरतात, कसा हलवितात, कोठें अडतो हें ठाऊक, त्याच्या हातीं गिरणी द्यावी, यांत जमशेटजींची पारख दिसते. दुसरे जेम्स ब्रुक्सबी, लँकेशायरचे जाणकार. यंत्रांचा कारभार त्यांच्याकडे.

आतां रिंगची गोष्ट. ती समजून घेण्यासाठीं विद्यार्थ्यांनीं थोडें लक्ष द्यावें. म्यूल यंत्रांत चात्यांची गाडी पुढें येते, धागा ओढते व पिळते. मग थांबते, आणि मागें जातांना तो धागा गुंडाळते. कातणें व गुंडाळणें आळीपाळीनें होतें. यावर काम करणारा माणूस पुष्कळ वर्षांचा तयार असावा लागतो. रिंग यंत्रांत चातीभोंवतीं एक पोलादी कडें असतें व त्यावरून एक चिमुकली कडी गरगर फिरते; त्यामुळें पीळ देणें व गुंडाळणें हीं दोन्ही कामें एकाच वेळीं, न थांबतां होतात. सूत अधिक पिळाचें व कणखर निघतें, आणि नवशिका मजूरहि थोड्या महिन्यांत तें यंत्र चालवूं लागतो. अमेरिकेंत हें यंत्र निघून बरीच वर्षें झालीं होतीं, पण लँकेशायरनें त्यास जवळ केलें नव्हतें.

लँकेशायरचे लोक मूर्ख होते म्हणून नव्हे, हें लक्षांत ठेवा. तेथें कातणारीं गांवें वेगळीं व विणणारीं गांवें वेगळीं. म्यूलवरचें सूत कागदाच्या नळीवर किंवा नुसतेंच गुंडाळून निघे व तसेंच हलकें हलकें दुसऱ्या गांवीं जाई. रिंगचें सूत मात्र लांकडी बॉबिनवर असे. म्हणजे सुताबरोबर लांकडाचेंहि भाडें द्यावयाचें, आणि रिकाम्या बॉबिनी परत आणण्याचें भाडें निराळें! शिवाय तेथें म्यूलवरचे जुने वाकबगार कारागीर भरपूर होते. नागपुरांत याच्या अगदीं उलट. कातणें व विणणें एकाच आवारांत. बॉबिन एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत जावयाची, तिला आगगाडीचें भाडें कशाचें? जें सूत बाहेर विकावयाचें त्याच्या लड्या उतरवून बॉबिन गिरणींतच राही. कुशल कारागीर नव्हते, म्हणून सोपें यंत्र हवें होतें. कापूस आंखूड होता, म्हणून अधिक पीळ हवा होता. जें यंत्र मँचेस्टरजवळ गैरसोयीचें, तेंच जुम्मा तलावाजवळ सोयीचें ठरलें. १८८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच जमशेटजींनीं थोडीं रिंग यंत्रें आणून चाचणी घेतली व खात्री पटतांच जुन्या चात्या काढून रिंग बसविण्याचा सपाटा लावला. आमच्या मतें त्यांच्या सर्व आयुष्यांत याहून शहाणपणाचा निर्णय क्वचितच असेल, जरी पोलादाच्या मानानें तो कोणाच्या फारसा लक्षांत राहिला नाहीं.

सुताचा नंबर म्हणजे काय, हेंहि येथें सांगून टाकूं. आठशें चाळीस वारांची एक लडी. एक रत्तल सुतांत अशा जितक्या लड्या भरतील तितका त्याचा नंबर. विसाच्या सुताच्या एका रत्तलांत वीस लड्या, म्हणजे सोळा हजार आठशें वार. जवळजवळ साडेनऊ मैल लांबीचा धागा! नंबर वाढला कीं सूत बारीक. वऱ्हाडी कापसांतून विसाच्या आसपासचें सूत चांगलें निघे. फार बारीक काढूं गेल्यास धागा तग धरीत नसे. हातमागाच्या जाड्याभरड्या धोतराला व लुगड्याला तेंच सूत लागे, आणि चीनमधील खेड्यांतला विणकरहि तसलेंच मागे. म्हणजे कापसाचा स्वभाव आणि गिऱ्हाइकाची गरज यांची येथें गांठ पडली. असें सूत लड्यांच्या गठ्ठ्यांत बांधून विकीत, कारण विणकर तें घरीं नेऊन खळ लावी व ताणा भरी. त्यास बॉबिनीचा उपयोग नव्हता. प्रत्येक गठ्ठ्यावर गिरणीचें रंगीत तिकीट असे. वाचतां न येणारा गिऱ्हाईक तिकिटावरचें चित्र ओळखून माल मागे. एक वेळ सूत खराब निघालें तर तें चित्रच बदनाम होई, व मग तें पुन्हां बाजारांत आणण्यास फार दिवस लागत.

गिरणीच्या सुतानें कोणाचें काय झालें, तेंहि सांगितलें पाहिजे. कोष्ट्यांस एकसारखें सूत स्वस्त मिळूं लागलें हें खरें. परंतु ज्या घरांत चरख्यावर कांतून पोट भरत होतें, तेथला चरखा बंद पडला. त्यांत महार समाजाचीं कुटुंबें पुष्कळ होतीं. त्यांपैकीं कित्येक पुढें गिरणींत मजूर म्हणून दाखल झालीं. नुकसान कोणाचें व फायदा कोणाचा याचा ताळेबंद कंपनीच्या वहींत लिहिलेला नसतो.

मजुरांच्या बाबतींत जमशेटजींस आणखी एक अडचण आली. गिरणीचें काम नागपूरच्या माणसास नवें. शेताचा हंगाम आला, घरीं लग्न निघालें, कीं माणूस येईना. रोज शेंकडों हात गैरहजर राहात. हात नसले कीं यंत्रें थांबतात, आणि ठरलेल्या दिवशीं ठरलेला माल देतां येत नाहीं. मुंबईच्या रिवाजाप्रमाणें दंड करावा तर माणूस नोकरीच सोडून जाई. जमशेटजींनीं व बेझनजींनीं दुसरा मार्ग धरला. चांगल्या हजेरीला व चांगल्या कामाला बक्षिसें, १८८६ पासून निवृत्तीची तरतूद, १८९५ पासून अपघात झाल्यास भरपाई, स्वच्छ पाणी, हवा खेळती राहील अशीं खातीं. हा केवळ परोपकार नव्हता, हिशोबहि होता, आणि तसें मानण्यांत कमीपणा नाहीं. शिकलेल्या तरुणांस उमेदवार म्हणून घेऊन गिरणीचें काम शिकविण्याची पद्धतहि त्यांनीं घातली.

नागपुरांत जम बसल्यावर त्यांनीं १८८६ सालीं कुर्ल्याची धरमसी मिल साडेबारा लाखांस विकत घेतली. ती उभारण्यास याच्या कितीतरी पट खर्च झाला होता. स्वस्त मिळाली, पण ती कां स्वस्त आहे याचा विचार पुरेसा झाला नाहीं. ज्या चुकीनें नागपुरांत पहिलीं वर्षें कठीण गेलीं, तीच चूक मोठ्या प्रमाणावर पुन्हां घडली. यंत्रें जुनीं व मोडकळीस आलेलीं. तिचें नांव स्वदेशी मिल ठेवलें, भाग विकले, आणि चीनकडे सूत पाठविलें तों तेथील अडत्यांच्या तक्रारी येऊं लागल्या. टाटा या नांवावर विश्वास ठेवून ज्यांनीं भाग घेतले होते ते हवालदिल झाले. बँकेनें पैसे देण्याचें नाकारलें. जमशेटजींनीं कुटुंबाच्या तरतुदीसाठीं ठेवलेल्या रकमेस हात घातला, एम्प्रेस मिलचे आपले कांहीं भाग विकले, नागपूरहून अनुभवी माणसें नेलीं, आणि एकेक यंत्र बदलीत गेले. त्यास वर्षें लागलीं. पण अखेर स्वदेशीच्या सुताला पूर्वेकडे मागणी येऊं लागली.

तेव्हां नवी अडचण दिसली. सूत चांगलें, गिऱ्हाईक तयार, पण मध्यें समुद्र. चीनकडे जाणाऱ्या मालाचें भाडें वजनावर नव्हे, आकारमानावर असे. चाळीस घनफूट जागा म्हणजे एक टन. म्हणून गांठी दाबून शक्य तितक्या लहान करीत. पण गांठ कितीहि दाबली तरी पी. अँड ओ. कंपनी टनामागें एकोणीस रुपयांपर्यंत घेई, आणि कांहीं बड्या व्यापाऱ्यांस आंतून सूट देई. स्वस्त सुताचा सारा लाभ अशा रीतीनें आगबोटींत बुडे. १८९३ मध्यें जमशेटजी जपानास गेले व तेथील निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशीं त्यांनीं करार केला. त्यांचीं व आपण भाड्यानें घेतलेलीं जहाजें चालवून त्यांनीं बारा रुपये दर जाहीर केला. पी. अँड ओ. नें आपला दर एकदम दीड रुपयावर आणला. इतक्या स्वस्त भाड्याच्या मोहानें मुंबईचे व्यापारी एकेक करून टाटांस सोडून गेले; ज्यांच्यासाठीं हा लढा होता तेच आधीं फितूर झाले. लाखाहून अधिक रुपये गमावून जमशेटजींनीं आपली जहाजें बंद केलीं, आणि थोड्याच काळांत भाडें पुन्हां चढलें. जपानी कंपनी मात्र मुंबईच्या मार्गावर टिकून राहिली.

सरकारी करानेंहि सुताला वळण लावण्याचा प्रयत्न केला. १८९४ च्या अखेरीस विसाच्या वरच्या नंबरच्या हिंदी सुतावर शेंकडा पांच कर बसला. म्हणजे जाड सूत काढा, बारीक सुतांत लँकेशायरशीं स्पर्धा करूं नका, असाच त्याचा अर्थ. १८९६ मध्यें तो कर जाऊन गिरणीच्या सर्व कापडावर साडेतीन टक्के कर आला, व तो १९२५ पर्यंत चालला. जमशेटजींनीं त्यास विरोध केला. त्यांची इच्छा बारीक सूत व तलम कापड येथेंच व्हावें अशी होती. परंतु बारीक सुतास लांब तंतू हवा. म्हणून त्यांनीं इजिप्तच्या जातीचा कापूस या देशांत लावून पाहण्याचा आग्रह धरला व १८९६ सालीं त्यावर एक पुस्तिका लिहिली. मनाजोगें यश तेथें आलें नाहीं. तें कापसाचें झाड नाईलच्या पाण्यावर वाढणारें. आमच्या पावसाच्या भरंवशावरच्या काळ्या जमिनींत तें रमलें नाहीं.

लोखंडाच्या बाबतींतहि पुनः हाच पेंच. चांदा जिल्ह्यांतील लोहारा येथें उत्तम खनिज आहे, असा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल १८८२ सालींच त्यांनीं वाचला होता. पण वरोऱ्याच्या ज्या कोळशावर एम्प्रेस मिलचें इंजिन चालूं शके, त्यावर लोखंडाची भट्टी चालेना. वीस वर्षें ती गोष्ट मनांत राहिली. पुढें शोध पुन्हां सुरू झाला तेव्हां त्यांचे पुत्र दोराबजी नागपुरास आले असतां, सरकारी भेटीची वाट पाहात सहज अजबबंगल्यांत शिरले. तेथें मध्यप्रांताचा भूगर्भविषयक नकाशा टांगलेला होता व त्यांत दुर्ग जिल्ह्याचा कांहीं भाग लोखंडाच्या रंगानें रंगविलेला त्यांस दिसला. तपास करतां तेथें लोखंडाचा डोंगरच आढळला. पण कारखाना तेथेंहि झाला नाहीं. खनिज, कोळसा, पाणी व कलकत्त्याचें बंदर यांचा मेळ बसेल अशी जागा शेवटीं साकची येथें सांपडली. १९०७ सालीं कंपनी निघाली व १९१२ सालीं पोलादाचा पहिला रस बाहेर पडला. साकचीचें नांव १९१९ मध्यें जमशेदपूर झालें.

हें पाहण्यास जमशेटजी नव्हते. १९०३ च्या डिसेंबरांत ताजमहाल हॉटेल उघडलें, त्या वेळींच त्यांची प्रकृति ढांसळली होती. उपचारासाठीं ते युरोपांत गेले व १९ मे १९०४ रोजीं जर्मनींतील बाड नाऊहाइम येथें वारले. इंग्लंडांत ब्रूकवुड येथें त्यांचें दफन झालें.

एम्प्रेस मिल मात्र वाढत गेली. एकाच्या पांच गिरण्या झाल्या, हजारों कुटुंबें तीवर जगलीं. काळ बदलला, यंत्रें जुनीं झालीं, यंत्रमागाचें कापड स्वस्त पडूं लागलें, आणि १८७७ मध्यें जें गणित नागपूरच्या बाजूनें होतें तें उलटलें. १९८६ सालीं गिरणी टाटांच्या हातून गेली. मग राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळानें ती कांहीं वर्षें चालविली व २००२ च्या सुमारास ती कायमची बंद पडली. जेथें चात्या फिरत तेथें आतां एम्प्रेस सिटी नांवाची मोठी दुकानांची इमारत आहे. रेल्वेच्या मालविभागांतून आलेल्या त्या व्यवस्थापकाचें नांवहि शहरांत राहिलें आहे. उत्तर नागपुरांत बेझनबाग म्हणून जी वस्ती आहे ती त्यांचीच. या अंकाच्या वाचकांपैकीं कित्येक रोज तेथून सायकलीनें जात असतील.